चिऊच्या फ्लेक्सवरचा लेपचा एक

नळदुर्ग, रविवार, संध्याकाळ

तो रिकामा चौकोन डोळ्यांसमोरून हलत नाही. पुतणीचा पहिला वाढदिवस, फ्लेक्स माझ्याच दुकानात छापलेला, आणि नेमका चिऊच्या फोटोखाली चौकोन!

वहिनींनी एकच गोष्ट मागितली होती, तीही लाजत. "भाऊजी, एकचा आकडा आमच्या लेपचा लिपीत टाकाल?" मोबाइलवर पाठवलाही. तिथं नीट दिसत होता. दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्या लिपीचा फॉन्ट नाही, म्हणून चौकोन आला. मला वाटलं, छापताना येईल. कसा येईल? हाच धंदा माझा, आणि एवढं कळू नये?

फ्लेक्स भिंतीवर चढला तशी आई म्हणाली, "हे काय रं, खिडकी छापलीस व्हय?" सगळे हसले. वहिनीही हसल्या, पण खाली बघून. दादाशी लग्न करून कालिम्पाँगहून आल्यापासून त्या अशाच हसतात. मी आपला समजावत बसलो, की आकडा फायलीत आहे, हरवलेला नाही, फक्त आमच्या मशीनला दाखवता येत नाही.

मग आईनं औक्षणाच्या ताटातलं कुंकू पाण्यात कालवून वहिनींपुढं धरलं. "जागा तर ठिवलीय त्यानं. तू लिव्ह, पोरी."

वहिनींनी बोटानं चौकोनात एक काढला. ओघळ आला थोडा, पण किती सुंदर दिसत होता!

आत्ता स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतोय. "आन दोनचा कसा काढत्यात गं? पुढल्या साली लागंल की."