खंडेनवमीचा कोरडा नारळ

चिंचवड, मंगळवार, १६ ऑक्टोबर १९५६. सकाळचे सव्वासहा. एक बॅटरी मोजून खाली ठेवली आणि हात धुऊन लिहायला बसलो.

ती. हिंदुरावमामा यांच्या पायांवर डोके ठेवून मुरारीचा नमस्कार. आपला गुडघा व मामींचा खोकला यांना उतार पडला असेल अशी आशा आहे. माझी प्रकृती ठीक आहे, फक्त शनिवारपासून जेवण जात नाही.

आपल्या शब्दावर दौलतरावांनी मला त्यांच्या बॅटरी भरण्याच्या दुकानात ठेवून घेतले. मला कायम करायचे की गावी परत पाठवायचे, हे ते येत्या गुरुवारी ठरवणार आहेत. म्हणून हकीगत जशीच्या तशी कळवतो.

जमीन मोजणारे एक साहेब आहेत. ते मोटारीमागे जोडलेल्या चाकांच्या घरात राहतात (आत पलंग आहे, पंखासुद्धा आहे, आपल्याकडे नाही). पंखा व दिवे बॅटरीवर चालतात. मोटारीची बॅटरी क्षणभर जोर लावून मोकळी होते. ही चाकांच्या घराची रात्रभर थोडी थोडी रिकामी होते, म्हणून हिला सावकाश भरावे लागते. तिला सहा घरे (ॲसिडचे कप्पे) असतात. भरताना सहाही बुचे उघडी ठेवायची आणि आत शुद्ध पाण्याशिवाय काही पडू द्यायचे नाही. हा नियम मीच खडूने भिंतीवर लिहिला आहे (ऱ्हस्वदीर्घ दोनदा तपासून).

शनिवारी खंडेनवमीला दौलतरावांच्या पत्नी दुर्गाबाई हत्यारांच्या पूजेला आल्या. पक्कड, पाने, ॲसिड मोजायची काचेची नळी, सगळ्यांना हळदकुंकू लागले. मला नारळ फोडायला सांगून त्यांनी डोळे मिटून हात जोडले. दगड बाहेर होता, साहेबांच्या भरायला लावलेल्या बॅटरीशेजारची लोखंडी पट्टी जवळ होती. मी नारळ पट्टीवर आपटला आणि सगळे पाणी तिसऱ्या घरात गेले. बुचे उघडी होती. नियमाप्रमाणे.

दुर्गाबाईंनी तीर्थासाठी वाटी पुढे केली तेव्हा नारळात थेंब नव्हता. "कोरडा निघाला की रे," एवढेच त्या म्हणाल्या. पण संध्याकाळी त्यांनी दौलतरावांना बजावले, की अशा हाताच्या मुलाला एवढ्यात कायम करू नका. आता मामा, नारळात पाणी होते असे सांगावे, तर ते गेले कुठे तेही सांगावे लागते. गप्प बसावे, तर मी अपशकुनी ठरतो.

दसऱ्याला सगळे सोने वाटायला गेल्यावर मी तिसरे घर रिकामे केले, तीनदा धुतले, नवे ॲसिड भरले. सोमवारी साहेबांनी स्वतःची नळी काढून घरे मोजली. पाच घरे १२६०, म्हणजे पूर्ण भरलेली; तिसरे १२४०, थोडे कमी. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या नियमाकडे पाहिले. "चालेल," म्हणाले आणि चाकणला घेऊन गेले. तेव्हापासून रस्त्यावर मोटार थांबली की ती साहेबांची नाही ना, हे मी दाराआडून बघून येतो.

आपला आज्ञाधारक,
मुरारी

ता. क. पत्र मिळताच, गुरुवारच्या आत येऊन जावे. येताना एक नारळ कानाशी हलवून, पाणी वाजते याची खात्री करून आणावा आणि दुर्गाबाईंसमोर माझ्या हातून फोडवावा. (बाहेरच्या दगडावर.)

ता. क. दुसरा, सकाळी अकरा. साहेबांचा स्वयंपाकी सोपानराव बॅटरी परत घेऊन आला. "काल जेवताना दिवे गेले. सायबांनी चटणी समजून शाईत भाकरी बुडवली, राव." दौलतरावांनी माझ्याकडे पाहिले. मी खरे सांगायला तोंड उघडले.

तेवढ्यात दुर्गाबाई आतून म्हणाल्या, "पोराकडं काय बघताय? दोन पैसे वाचवायला जुना नारळ तुम्हीच आणलात ना? तेव्हाच म्हटलं होतं, कोरडा निघालाय, काहीतरी होणार." दौलतरावांनी पक्कड पुसून खुंटीला लावली. मग म्हणाले, "मुरारी, आजपासून तू कायम."

तोंड मी मिटून घेतले.

नारळ आणू नये. हे पत्र मामींनाही दाखवू नये. त्यांचे आणि दुर्गाबाईंचे बोलणे असते.