तोरकिलचा मासा

प्रिय इशबेल,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं, आज शनिवार. चार दिवस ते कोटाच्या खिशात घालून हिंडतोय, त्यामुळे त्याला आता कॉड माशांचा वास लागलाय आणि तुझं अक्षर जरा फुटलंय. पण वाचायचं ते वाचलं. चौदा एप्रिलला बाबांना जाऊन तीन वर्षं होतील. त्या दिवशी तू त्यांची गळाची काठी घेऊन पाद्र्याच्या डोहात उतरणार, ते उभे होते तिथेच उभी राहणार, आणि बाबांच्या नावानं गाव ज्याला 'तोरकिलचा मासा' म्हणतं तो काढून दाखवणार. आयुष्यातला पहिला सॅमन, आणि तोही तोच! वर लिहितेस, "दादा, तू बाबांच्या हाताखाली शिकलास, मला चार गोष्टी सांग." फोन केला असता, पण फोनवर मी कसा बोलतो तुला माहीत आहे. हवेवरून सुरू होतो आणि हवेवरच संपतो.

तर ऐक. सॅमन समुद्रातून नदीत आला की काही खात नाही, महिनोन्‌महिने उपाशी असतो. मग गळाला बांधलेली आपली पिसांची माशी तो तोंडात का धरतो? मी एकदा बाबांना हे विचारलं, तर म्हणाले, "तुझी आई मला हो का म्हणाली ते मला अजून कळलेलं नाही. हेही तसंच." तेव्हा त्याला भूक लागलीय असं धरून चालू नकोस. माशी तिरकी टाक, खालच्या अंगाला. प्रवाहच तिला काठाकडे वाहून आणतो, आपण मध्ये लुडबुड करायची नाही. मग एक पाऊल खाली सरकायचं, पुन्हा टाकायची. हात भरून येतात, नाक गळायला लागतं, आणि संध्याकाळपर्यंत काहीही घडत नाही. म्हणजे सगळं व्यवस्थित चाललंय.

आणि ओढ लागली तर झटका द्यायचा नाही! तू लहानपणापासून ओढ्यात ट्राउट धरत आलीस, म्हणून हे तुला सगळ्यात जड जाईल. ट्राउटला झटका लागतो, सॅमनला दिला की माशी त्याच्या तोंडातून निघून येते. बाबा घरातल्या सगळ्यांची नावं घ्यायला लावायचे, सावकाश, मनातल्या मनात. आधी आई, मग इशबेल, मग रॅनल्ड, शेवटी कुत्रा. "कुत्र्यापर्यंत थांबलास तर मासा तुझा," म्हणायचे. मी कधीच कुत्र्यापर्यंत पोचलो नाही.

दुसरं म्हणजे, पाण्यात उतरायलाच पाहिजे असं नाही. एप्रिलच्या गार पाण्यात मासे पुष्कळदा अगदी काठाला टेकून असतात. ते शहरातले पाहुणे छातीपर्यंत रबर चढवून सरळ मधोमध जातात आणि ज्या माशांसाठी आले त्यांनाच तुडवून हाकलतात. बाबा काठावर बसून पाइप भरत आणि हळूच म्हणत, "जाऊ द्या साहेबांना, पोहून येतील." तू खालच्या पुलाजवळच्या डोहावर जा ना. गुडघाभरसुद्धा भिजायला नको. जागा चांगली आहे, वारा पाठीवर असतो.

इथे समुद्रापलीकडे, उत्तरेच्या किनाऱ्यावर, आमचं काम सोपं आहे. दोन कॉड घ्यायचे, शेपट्या एकत्र बांधायच्या आणि लाकडी मांडवावर अडकवायचे. वारा वाळवतो. माझ्याबरोबर सिग्बियर्न नावाचा एक म्हातारा आहे, तो प्रत्येक जोडीला नवराबायको म्हणतो आणि कुणाचं कुणाशी पटणार नाही ते सांगत बसतो. काल एक जोडी सोडून त्यानं पुन्हा दुसरीच बांधली. जेवायला रोज ते तपकिरी, गोडसर चीज असतं. आईला सांग, मी अंगानं भरलोय. मे महिन्यात काम संपलं की दक्षिणेला जाईन म्हणतो, कुणीतरी सफरचंदाच्या बागांचं बोलत होतं. बघ, तुला मासे शिकवता शिकवता मी कुठे पोचलो.

खरं सांगायचं तर मुद्दामच पोचलो. त्या माशाबद्दल लिहायचं आलं की माझी लेखणी दुसरीकडेच वळते. डूगलकाका खाणावळीत अजून हात फाकून दाखवतात ना, "एवढा होता!" मी निघालो तेव्हा तो तीस पौंडांचा होता. तू लिहितेस, आता अडतीसचा झाला. म्हणजे समुद्रात न जाताही चांगला पोसला गेलाय. मी तुला सांगणार होतो की नदी चढून गेलेला सॅमन बहुतेक वेळा दुसऱ्यांदा परत येत नाही, तीन वर्षांपूर्वीचा मासा तिथे कसा असेल? पण तू म्हणणार, काकांनी मागच्या शरदात त्याची पाठ पाहिली. काका शपथेवर सांगतील. त्यांच्या डोळ्यांत पाणीही येईल. बाबा त्यांचे जिवलग होते, त्यांना तो मासा हवाच आहे.

सगळ्यांनाच हवा आहे. आईलासुद्धा. पुरून आलो त्या दिवशी ती शेजारणीला म्हणाली, "निदान मोठ्या माशामागे गेले." मी दारात चहाचे कप घेऊन उभा होतो.

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी मी त्याच डोहात ओरडलो होतो, "बाबा, लागला!" आणि निघाला तळाचा दगड. नवशिक्यांचं हेच होतं. गळ दगडात अडकतो, प्रवाह दोरीला धरून ओढतो, काठी थरथरते, आणि माणसाला वाटतं जिवंत काहीतरी आहे. बाबा एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. संध्याकाळी खाणावळीत म्हणाले, "आमच्या पोरानं आज आख्खं स्कॉटलंड धरलं! वजन करायला काटा मिळेना." डूगलकाका म्हणाले, "सोडून दिलंस ना रे? नाही तर आम्ही राहायचं कुठे?" सगळी खाणावळ हसली. मीही हसलो. एकोणीस वर्षांचा होतो, गावातल्या सर्वांत नावाजलेल्या गिलीचा मुलगा, नदीवर पाहुण्यांना मासे धरून देणाऱ्या माणसाचा, आणि एकही सॅमन धरलेला नाही. आजही नाही, इशबेल. हे सगळं जे वर लिहिलं ते बाबांचं आहे, माझं त्यात काही नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढ लागली. मी ओरडलो. बाबा धावत आले, दोरीला दोन बोटं लावून बघितली आणि म्हणाले, "बसलाय. रुसलाय लेकाचा. मोठे असे तळाशी जाऊन बसतात." त्यांनी खडे मारले, वरून बघितलं, खालून बघितलं. दहा मिनिटं गेली असतील. तेवढ्या वेळात मला कळलं होतं. दगड डोकं हलवत नाही. मासा कितीही रुसला तरी कधीतरी मान झटकतो, आणि माझ्या हाताला फक्त पाण्याची ओढ लागत होती. 'बाबा, पुन्हा दगडच आहे' एवढंच म्हणायचं होतं. खाणावळ डोळ्यांसमोर आली. मी काठीचं टोक हलवलं, मनगटानं, जरासं, मासा हलल्यासारखं. "हलला!" बाबा म्हणाले. किती खूश होते गं! "धरून ठेव, मी खालून जाऊन उठवतो." जाळी घेऊन ते उतरले. हिवाळ्याच्या पुरानं तिथली वाळू खचली होती आणि वरून काही दिसत नव्हतं. तिसऱ्या पावलाला ते गेले. त्यांना दोन मैल खाली काढलं, ते तुला माहीत आहे.

ऑगस्टमध्ये पाणी उतरलं तेव्हा मी जाऊन पाहिलं. दगडाच्या फटीत माझी पिवळी माशी तशीच होती. त्याच आठवड्यात मी घर सोडलं. तुम्हाला वाटलं, दुःखानं. आईला सांगायचं की नाही ते मी तुझ्यावर टाकत नाही, तिला मी स्वतः लिहीन, किंवा येऊन सांगेन. अजून धीर होत नाही. पण तू त्या जागी उभी राहणार म्हणालीस, म्हणून तुला आजच लिहावं लागलं. तिथे मासा नाही, इशबेल. कधीच नव्हता. आणि तिथे पायाखाली जमीनही नाही. चौदा तारखेच्या आत मला एका ओळीत कळव की तू उतरणार नाहीस. शिव्या नंतर दे.

तुझाच, जमलं तर अजूनही,
रॅनल्डदादा