हात वर केला, एवढंच

गोंडपिपरी, ११ एप्रिल

प्रिय अश्वजित,

आधी घडलं ते, क्रमाने.

१. मागच्या एप्रिलमध्ये कुलदीपभाऊ आणि आणखी तीन जवान गडचिरोलीच्या जंगलात एका नाल्याकाठी दबून होते. पलीकडच्या काठावर नक्षलवादी होते.

२. सकाळी सहाला बुधरी नावाची बाई टोपली घेऊन दोघांच्या मधल्या मोहाच्या झाडाखाली आली. तिला दोन्हीकडच्या बंदुका दिसल्या.

३. ती तासभर मोहफुलं वेचत राहिली. टोपली भरल्यावर गेली. गोळी कोणीच झाडली नाही.

४. तुझ्या चित्रपटात ती हात वर करून जवानांना खूण करते आणि गोळीबार सुरू होतो.

भद्रावतीच्या स्टँडवर तू मला विचारलं होतंस, "युद्धाचा चित्रपट थोर कशाने होतो? तू आवाजवाली, तू सांग." तेव्हा मी स्फोटाच्या आवाजाबद्दल काहीतरी बोलले. ते चूक होतं. लोक तिकीट काढून गोळीबार बघायला येतात. त्याच लोकांना, आता गोळी सुटू नये, असं वाटून श्वास धरायला लावतो तो चित्रपट थोर. तुझ्याकडे तो तास होता. तू तो चार मिनिटांवर आणलास आणि शेवटी गोळी सोडलीस.

भाऊ सध्या सुट्टीवर घरी आहे. मी शेजारच्या खोलीत तुझ्या त्याच प्रसंगाचा आवाज बसवते आहे. तो दारात आला की लॅपटॉप मिटते. काल म्हणाला, "दिवसभर कानात काय घालून बसते वं? सनई ऐकून राह्यली का लग्नाची?" आई खूप हसली. मीही हसले. वीस तारखेला तो परत त्याच ठाण्यावर हजर होईल, त्याच नाल्यावरून गस्त घालेल.

मोहफुलं पडायच्या आधी गावची माणसं झाडाखालचा पाचोळा झाडून ठेवतात. अशी स्वच्छ गोल जागा दिसली की समजायचं, हे झाड कोणाचं तरी आहे, पहाटे कोणीतरी येणार. भाऊला ते उजाडल्यावर दिसलं. तोवर हलता येत नव्हतं. वाळल्या पानांत कूस बदलली तरी पलीकडे ऐकू जातं. मी ते आवाज मोजले आहेत. पानांवर पडलेला मोह पंधरा पावलांवरून ऐकू येतो, झाडलेल्या जमिनीवर पडलेला जवळजवळ नाही. त्या तासात चौघांना फक्त तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

तू झाड तेच ठेवलंस, नाला तोच, नावही तेच. ट्रेलर तिच्या गावातही मोबाइलवर पाहिला जाईल. बुधरी जिवंत आहे. ती जवानांची खबरी होती असं एकदा पसरलं, तर तिच्या दारात कोण येईल हे तुला मी सांगायला नको. मी काम सोडलं तर सोमवारी दुसरं कोणी हाच प्रसंग पूर्ण करेल. भाऊला सांगितलं तर त्याची गोष्ट मी बाहेर दिली हे आधी सांगावं लागेल. म्हणून लॅपटॉप उघडते आणि मिटते.

आता राहिलेलं. भाऊचे शब्द असे होते : "ते बाई आमच्याकडे पाहेच ना. एकदा हात वर केला, बस." घाम पुसला असेल, फांदी बाजूला केली असेल. तुला फोनवर सांगताना मी म्हणाले, "हात वर केला, खूण करायला." ते दोन शब्द मी पदरचे घातले. त्याआधी तू नुसतं 'हं, हं' करत होतास, फोन ठेवशील असं वाटलं, आणि तू तो ठेवायला मला नको होतं. त्या दोन शब्दांनंतर आपण दीड तास बोललो. खोटं तुझ्या चित्रपटाने नाही, मी सुरू केलं. ती खूण काढ, नाव आणि जागा बदल. काढणार की नाही, ते मला शुक्रवारी, १७ तारखेपर्यंत लिहून कळव.

तुझी, आणि हे पदरचं नाही,
नंदिनी