शेपटीतल्या चांदण्या

४ फेब्रुवारी
विमानाला पोट आलं! धडाच्या दोन्ही बाजू आज खालच्या पत्र्याला जोडल्या. काल नुसते पत्रे होते, आज आत बसावंसं वाटतं. या शेडात जन्मभर पंप-मोटारी उघडल्या, पण कशाला हात लावताना माझा आवाज असा आपोआप हळू झाला नव्हता.
शेजारचा भागवत डोकावून गेला. "काका, कढई तं मस्त जमली! भजे कवा तळता?"
हसू दे.

११ फेब्रुवारी
पत्रे जोडणारा रिव्हेट एकट्यानं बसत नाही. बाहेरून मी ठोकतो, तेव्हा आतून कोणी लोखंडी ठोकळा दाबून धरावा लागतो. शेपटीकडे धड इतकं निमुळतं की मी मावत नाही. माझी बायको तानाबाई मावते. पदर खोचून मुंगसासारखी आत सरकते. रिव्हेट नीट बसला की ती आतून ठोकळ्यानं एकदा — ठक!
सीटा दोन. मागची तिची, हे माझ्या मनात पक्कं. तिच्या मनात नाही.
"ठोकळा धरीन. बसणार नाई. जमिनीवरून पाय सुटला की मले काई सुचत नाई."
"मंग मी एकटाच जाऊ?"
"जा ना. संध्याकायी भाकरीले या."

२५ फेब्रुवारी
दुपारी डोळा लागला. खाली हरभऱ्याची वावरं, घाटात वळणारा रस्ता, आमचं देऊळघाट हाताच्या तळव्याएवढं. मागं वळून पाहिलं — सीटवर कोणी नाही. जागा झालो तरी मान वळलेलीच.

१० मार्च
मागच्या सीटची पाठभिंत बसवली! संचाच्या पुस्तकात ती शेपटी बंद केल्यावर बसवा असं आहे. विमानाचा हा सगळा संच लेकीनं, मंजुश्रीनं मागवून दिला. तिनंही फोनवर तेच वाचून सांगितलं होतं. पण मला तानाबाईची सीट उभी पाहायची घाई. भिंतीत सामानासाठी भोक आहे, जाईल ती तिथून शेपटीत. सीटवर गादी टाकली अन् पाहत बसलो.

१७ मार्च
काय करून बसलो! शेपटीचा शेवटचा पत्रा ठोकून झाला, अन् तानाबाई बाहेर येईना. जाताना भिंतीच्या भोकातून हात पुढं करून गेली. येताना खांदे अडकले.
"अवो, ओढू नका, हाड हाय ते!"
भिंतीचा एकेक रिव्हेट ड्रिलनं उडवला. घाईत भोकं वाकडी झाली, भिंत वाया गेली. जाऊ दे गेली तर! आतून तिचा आवाज मात्र निवांत — "सावकाश करा. मले काई झालं नाई."
बाहेर आली ती पत्र्याच्या भुग्यानं चमकत. मला हुंदका आवरेना.
"काऊन रडता? जित्ती हावो ना मी!"

१८ मार्च
मंजुश्री फोनवर कडाडली. "बाबा, आईपेक्षा सीट मोठी का?"
मागची सीट नकोच आता. एकट्याचं विमान. गादी माळ्यावर टाकली.

२ एप्रिल
जेवताना तानाबाई आपणहून बोलली.
"आत गच्च अंधार होता. तुमी एकेक रिव्हेट उडवे, अन् तिथून उजेड येये. बारीकसा. मंग दुसरा. चांदण्याच निंघत होत्या जशा! मले वाटे, आपण वरतं हाव. भेव नाई वाटलं."
मी नुसता बांधतोय, अन् ही जाऊनही आली!
पण बसशील का, असं पुन्हा विचारायचं नाही. एकदा घाई केली तेवढी पुरे.

२३ मे, वैशाख पौर्णिमा
सकाळी विहारातून आलो, तर तानाबाई घरात नाही. शेडात पाहिलं. विमानात मागच्या मोकळ्या जागेत माळ्यावरची गादी, गादीवर ती, मांडीवर खिरीचं पातेलं.
"पाठ टेकाले भिंत लावा," म्हणे. "रिव्हेटाचं एक भोक मात्र तसंच राहू द्या, चांदणीसाठी."