एक वाटी फरसबीचं सूप

३ मार्च

एक वाटी फरसबीचं सूप. गोड रुबार्ब पायचा एक तुकडा. मोटेलमध्ये एका रात्रीचा पलंग. गाडीतून चारशे वीस मैल, जाऊन-येऊन.

ही यादी कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या पत्रात आहे. क्रमांक घालून! दोन नंबरला रुबार्ब पाय! मी ते पत्र टपालखोलीत उभ्या उभ्या वाचलं आणि ट्रे इतक्या जोरात आपटला की वरची पार्सलं खाली आली.

आणि ही यादी त्यांना दिली कोणी? मीच.

अर्धा दिवस कॉलेजचं टपाल, अर्धा दिवस खेळाचे नियम – ही माझी नोकरी. खेळाडूंना काय द्यायचं, काय नाही, कोणी मोडलं तर फॉर्म भरून संघटनेला कळवायचं. बारा वर्षं करते आहे. बारा फेब्रुवारीला आमच्या सॉफ्टबॉल संघातल्या यारेलीचे बाबा मांस कारखान्यात शिडीवरून पडले, डोक्याला मार. शुक्रवार, दुपारचे साडेचार, बाहेर बर्फ. तिच्या गावाला बस मंगळवारी. डेलाने मला फोन केला, मी दाताच्या डॉक्टरकडे, फोन बंद. संघटनेला केला, त्यांचं ऑफिस चारलाच बंद, आता सोमवारी. मग डेलाने पोरीला गाडीत घातलं आणि निघाली. वाटेत खायला घातलं. कोच आहे ती! दगड नाही.

सोमवारी सकाळी स्वतःहून माझ्यासमोर येऊन बसली. "ग्लेनिस, मी असं असं केलंय. काय लिहायचं ते लिही." मी लिहिलं. सूप कसलं होतं तेही विचारून लिहिलं. आधी परवानगी मागितली असती तर एका मिनिटात मिळाली असती. नंतर कळवलं म्हणून तो 'नियमबाह्य लाभ'.

ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं – स्वतःहून सांगितलंत की सौम्य वागवतात. मी मान डोलावली होती. वहीत लिहूनही घेतलं होतं!

५ मार्च

माझा नवरा वेंडल म्हणाला, "मग कळवलंसच कशाला?"

सकाळपासून त्याच्याशी बोललेले नाही.

६ मार्च

बोलावं लागलं. नळ गळत होता.

पण त्याने पुन्हा तेच विचारलं म्हणून सांगितलं – मी नवव्या वर्षापासून रोजनिशी लिहिते. पप्पांनी लावलेली सवय. दिवसात जे झालं ते लिहायचं, आपलं चुकलं असेल तर ते आधी. सत्तेचाळीस वर्षांत एक ओळ खोटी नाही. रोजनिशीत नाही तर फॉर्मवर कशी लिहीन?

"फॉर्मवर खोटं लिही असं कोण म्हणतंय," वेंडल म्हणाला. "फॉर्मच काढू नकोस म्हणतोय."

त्याच्या अंगावर टॅल्मेजचं मरून रंगाचं जाकीट. टॅल्मेज युनिव्हर्सिटीच्या फुटबॉलचा भक्त माझ्याच घरात पोसलाय.

१७ मार्च

आज सुनावणी. स्क्रीनवर संघटनेचे तिघं, आणि त्यांचा एक वकील. आमच्या बाजूला कॉलेजचे अध्यक्ष गर्ट्सन, डेला आणि मी. आमचा वकील नाही. गर्ट्सनना वाटलं, खरं सांगायला वकील कशाला?

वकील अगदी पोरगेलासा. फार अदबीने बोलत होता, त्याचाच राग जास्त आला.

"मिसेस उनरू, ही एक्केचाळीस पानं तुम्ही स्वतः पाठवलीत?"

हो.

"यात सतरा फेब्रुवारीची नोंद आहे – 'उत्तर आलं नाही, तोवर खेळवतो आहोत.' म्हणजे शंका असताना तुम्ही तिला खेळवलंत?"

मी म्हटलं, दोनदा लेखी विचारलं होतं तुम्हाला! खेळवू की नको? तुम्ही उत्तर दिलं नाहीत!

"तो वेगळा मुद्दा आहे."

डेला एकदाच बोलली. "मी काय करायला हवं होतं ते मला सांगा. तिचा बाप तिकडे बेशुद्ध, ही बसथांब्यावर बसून रडतेय. मंगळवारपर्यंत तिथेच बसू द्यायची होती?"

तिघांपैकी एक बाई म्हणाल्या, "आम्हाला तुमची भावना समजते." आणि कागद उलटला.

यारेली बाहेर पायऱ्यांवर बसली होती. तेवढ्यात संघातल्या दोघी तिच्याजवळ येऊन बसल्या. या पोरींनी यंदा सोळापैकी चौदा सामने जिंकलेत. कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा मे महिन्याची स्पर्धा दिसते आहे. ती फक्त मिळू दे, बाकी काय करायचं ते करा.

२९ मार्च

टॅल्मेजच्या चौकशीचा निकाल आला. पेपरात पहिल्या पानावर. मी दोनदा वाचला, मग पेपर चुरगाळला, मग पुन्हा सरळ करून वाचला.

चार वर्षं! तीसेक फुटबॉलपटूंचे पेपर दुसऱ्यांनी लिहिले. पोरांना कळत नव्हतं आपण कुठला विषय घेतलाय. एका गाडीवाल्याने कोऱ्या गाड्या वापरायला दिल्या. अख्ख्या गावाला माहीत होतं. आमच्या चर्चमध्येसुद्धा लोक हसून सांगायचे.

शिक्षा – दंड, जेवढ्याची एका शनिवारी त्यांच्या मैदानावर बिअर खपते तेवढा. आणि तीन वर्षांपूर्वीचे अकरा विजय रद्द. पुढच्या मोसमातला एक सामना नाही, एक दिवस नाही! कोच तर निकालाच्या दोन महिने आधीच व्यावसायिक संघात गेला. त्याला शुभेच्छा द्यायला बँड लावला होता.

वाक्य उतरवून ठेवते : 'लेखी पुरावा उपलब्ध नसल्याने इतर आरोप सिद्ध होत नाहीत. विद्यापीठाचे सहकार्य अनुकरणीय.'

लेखी पुरावा का नाही? कारण त्यांचे ईमेल नव्वद दिवसांनी आपोआप पुसले जातात. कारण त्यांच्या बैठकांत कोणी टिपण घेत नाही. तसा नियमच आहे त्यांचा! आणि अनुकरण करायचं म्हणे!

वेंडलही चिडला होता, पण वेगळ्याच कारणाने. "त्या अकरातला एक मी बघितलाय. चार तास पावसात बसलो होतो. न्यूमोनिया होता होता राहिला. तो झालाच नाही म्हणतात!"

मी म्हटलं, मग तो तापही रद्द करतील का ते विचार. तो हसला. मी हसले नाही.

९ एप्रिल

आमचा निकाल.

चौदाच्या चौदा विजय रद्द. यारेली उरलेला मोसम आणि पुढचा मोसमही बाहेर. मेच्या स्पर्धेला बंदी. दोन वर्षं देखरेख. 'संस्थेच्या स्वतःच्याच कागदपत्रांवरून उल्लंघन निर्विवाद सिद्ध होते.'

माझी कागदपत्रं. माझं अक्षर.

डेलाने पोरींना खोलीत बोलावून सांगितलं. मला म्हणाली, तू नको येऊस. मी गेले. निदान तेवढं तरी. कोणी रडलं नाही, ते फार वाईट होतं. पहिल्या बेसवर खेळणारी उंच पोरगी म्हणाली, "टॅल्मेजवाल्यांनी चार वर्षं चोऱ्या केल्या, त्यांना तीन वर्षांपूर्वीचं काढून घेतलं. आम्ही काहीच केलं नाही, तर आमचं पुढचं काढून घेतलं?"

याला उत्तर असेल तर ज्याने त्याने द्यावं.

यारेली शेवटपर्यंत खाली बघत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मिसेस उनरू, मला ते सूप आवडलंही नव्हतं."

१२ एप्रिल

संघटनेला फोन. पाच जणांनी एकमेकांकडे ढकललं. सहाव्याला मी सोडला नाही. ओरडले त्याच्यावर. आयुष्यात फोनवर कधी ओरडले नव्हते. टपालखोलीतली पोरं दार लावून बाहेर गेली.

तो सगळं ऐकून घेत होता. शेवटी आवाज खाली करून म्हणाला, "बाई, हे मी बोललो असं कुठे लिहू नका. आम्हाला जे वाचायला मिळतं त्याचीच शिक्षा करता येते. त्यांच्याकडे वाचायला काही नव्हतं. तुम्ही एक्केचाळीस पानं पाठवलीत."

म्हणजे लिहिलं म्हणून!

मी फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. नको म्हणाला होता तरी लिहिते आहे. सवय.

३ मे

डेलाचा राजीनामा. म्हणजे गर्ट्सननी मागितला. 'विश्वस्तांना काहीतरी दिसायला हवं' म्हणे. सव्वीस वर्षं! ज्या माणसाने फुटबॉलच्या पोरांचे पेपर लिहून घेतले तो नव्या गावी तळ्याकाठी घर बांधतोय, आणि डेला ऑगस्टपासून शाळेची बस चालवणार आहे.

"बघ," ती म्हणाली, "आता पोरांना गाडीतून नेलं की कायदेशीर."

खोके भरायला गेले होते. बिरॉक – मांस-कोबी भरलेले पाव – करून नेले होते तिला आवडतात म्हणून, तिने एक खाल्ला आणि उरलेले परत डब्यात घातले. निघताना मी म्हटलं, डेला, मी तो फॉर्म –

"तुझं बरोबर होतं, ग्लेनिस. तू नाही लिहायचं तर कोणी लिहायचं?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ मे

स्पर्धेचा दिवस. ज्यांना आम्ही दोनदा हरवलं त्यांनी कप नेला. टीव्ही मीच बंद केला.

२२ जून

टॅल्मेजकडून पाकीट. यारेली तिकडे चालली आहे, तिची कागदपत्रं हवीत. तिला दोष नाही देत. पोरगी फेकते अशी की चेंडू दिसत नाही, आणि बाबांना अजून उजवा हात उचलता येत नाही.

पण तिच्यावर शिक्षा आहे ना अजून, म्हणून मी फोन केला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "ते मिटलं. आमच्या वकिलांनी अर्ज केला होता. अकरा दिवसांत झालं."

तीच पोरगी, तेच सूप. अकरा दिवस!

सही करून पाठवलं. पाकिटावर तिकीट उलटं लागलं, ते तसंच राहू दिलं.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

चार वाजून दहा मिनिटं. ऑफिसातच लिहिते आहे.

हॅडली श्राग आली आहे. पहिल्या वर्षाची, अजून मोसमातला एक सामना खेळलेली नाही. आजीने वाढवलेली पोर. आजी सकाळी चुलीपाशी कोसळली, हॉस्पिटलमध्ये आहे, दोनशे मैलांवर. डॉक्टर म्हणतात, जे कोणी आहेत त्यांनी आजच या. बस मंगळवारी. आकाश खाली आलंय, रात्रीपासून बर्फ म्हणतात.

नवा कोच सव्वीस वर्षांचा, बरा मुलगा आहे, पण डेलाचं काय झालं ते त्याला माहीत आहे. दारात उभा राहून मला विचारतो, "मी काहीच करू शकत नाही ना, मिसेस उनरू?" त्याचे डोळे सांगत होते की 'नाही' म्हणा. मी म्हटलं, नाही, तू घरी जा.

संघटनेला फोन लावला. 'आमचं कार्यालय सोमवारी सकाळी नऊला उघडेल. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.'

हॅडली अजून दारात उभी आहे. पिशवी छातीशी धरून. रडत नाही, फक्त घड्याळाकडे बघते आहे. तिला म्हटलं, पाच मिनिटं थांब बाळ.

फॉर्म काढलाय. वर तारीख घातली. पहिला रकाना – 'काय घडले, सविस्तर लिहा.'

पेन उघडून बसले आहे.

१४ नोव्हेंबर, रविवार

शुक्रवारपासून काहीच घडलं नाही. घरातून बाहेर पडले नाही. वेंडल म्हणतो, गाडीचं मीटर चारशे मैल पुढे गेलंय. त्याला सांगितलं, बिघडलं असेल.