सुट्टीचं बटण

बाबा, आल्या आल्या अंघोळीला जाऊ नकोस. पाणी गार आहे, आणि चूक गीझरच्या जागी बसवलेल्या नव्या हीट पंपाची नाही, माझी आहे.

मावशीकडे जाताना मी त्याच्यावरचं 'सुट्टी' बटण दाबलं होतं. मला वाटलं, शाळेला सुट्टी म्हणजे पाणी जरा उशिरा तापेल आणि वीज वाचेल. आज अंगावर गार पाणी पडल्यावर पंप बसवणाऱ्या काकांना फोन केला. ते पोट धरून हसले. म्हणाले, "बाळ, तू सुट्टी यंत्राला दिलीस. घर रिकामं असताना दाबायचं ते बटण."

म्हणजे आठवडाभर तू बेकरीतून दमून येऊन गार पाण्याने अंघोळ करत होतास, आणि मी फोनवर "भारी आहे ना?" विचारलं की म्हणायचास, "एकदम कडक!" गारठ्याने तुझा खांदा धरला, तेव्हाही खरं कारण लपवलंस. आई पहिल्यापासून अंघोळीला गॅसवर पातेलं चढवते, म्हणून तिला पत्ताच नाही. तूही पातेलं मागितलं असतंस, तर ती म्हणाली असती, "लेकीचं ऐकून चांगला गीझर भंगारात घातलात." ते मला ऐकावं लागू नये म्हणून तू कुडकुडलास.

बटण बदललंय. पाणी सावकाश तापतं, तोवर झोप काढ. मी खो-खोच्या सरावाला चाललेय. आल्यावर आईला मीच सगळं सांगणार आहे. तिला काय बोलायचं ते बोलू दे. तू मध्ये पडून "मला गारच आवडतं" असं म्हणायचं नाहीस.

तुझी अतिशहाणी