सांध्यातलं पाणी

३ फेब्रुवारी
आजपासून सात रस्त्याजवळच्या लॅबमध्ये रुजू झाले. केम गावची प्रियदर्शनी सोलापुरात लॅब टेक्निशियन! आईनं गावात पेढे वाटले म्हणे. काम शिकवायला उदयसिंह सर आहेत. सांध्यातलं पाणी तपासायचं, जंतू आहेत का बघायचं. निरोगी पाणी फिकट पिवळं, नितळ असतं. थेंब सोडला की अंड्यातल्या पांढऱ्यासारखी तार धरतं. मला तर ते सुंदरच वाटलं.

६ फेब्रुवारी
अक्कलकोटकडचे चनमल्लप्पा, यंत्रमाग कामगार. गुडघा कलिंगडाएवढा सुजलेला. सिरिंजमध्ये पाणी कसलं, हिरवट पू, शेंबडासारखा लोंबणारा. वास असा की जेवणाचा डबा तसाच परत नेला. सिरिंजची सुई काढताना माझ्या डाव्या तर्जनीत घुसली. सर म्हणाले, होतं असं, धू आणि स्पिरिट लाव.

९ फेब्रुवारी
चनमल्लप्पांचा पू ज्या प्लेटवर वाढवायला ठेवला, तिच्यावर करडी, ओली साय धरलीय. काल त्या सायीवर अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवल्या होत्या. औषध लागू पडलं तर भोवती जागा मोकळी राहते. इथं साय चकत्यांवरच चढलीय. झाकण उचललं तर ती आक्रसली. शी! सर म्हणाले, ज्याचं नाव सांगता येत नाही त्याचा रिपोर्ट कसा द्यायचा? 'वाढ नाही' लिही. लिहिलं.

१० फेब्रुवारी
चनमल्लप्पांची बायको गुरम्मा काउंटरवर आली.
"बाई, दुसरा गुडघा बी फुगलाय की. जंतू हाय का न्हाय, तेवढं सांगा."
मी खाली बघून नाही म्हणाले. त्या पुवापेक्षा माझ्या जिभेची किळस आली.

१२ फेब्रुवारी
तर्जनीचं पेर टम्म सुजलंय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, उपयोग शून्य. दाबलं की आत काहीतरी सरकतं. स्वतःच सुई घालून ओढलं. हिरवट. तोच वास. दोनदा ओकले.

१३ फेब्रुवारी
गुरम्माला फोन केला. खरं सांगितलं — जंतू आहेत, मी खोटं बोलले, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या.
"सकाळीच जीव सोडला ओ त्यांनी," म्हणाली. "पण बाई... गुडघं अजून हलत्यात की."

१४ फेब्रुवारी
मनगट. कोपर. आता उजवा खांदाही — कातडीखाली ओलं, गार, सरकणारं —
सर फोन उचलत नाहीत. आई निघालीय. तिला म्हटलं येऊ नकोस, मला हात लावू —

दुपार
बोटं आपोआप वाकतायत. मी पेन ठेवलं होतं. हातानं ते परत उच